पाच पेडांची चिपा

आपल्या देशात शिस्त आहे ती कुणामुळे, हे चौकात बेपत्ता पोरांचे फोटो छातीशी धरून उभ्या राहणाऱ्या त्या बायकांना कुणीतरी एकदा सुनवायला हवं. स्वतःची पोरं सांभाळता आली नाहीत आणि आता सरकारच्या नावाने बोटं मोडताहेत! माझे यजमान कर्नल आहेत. सहा वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या मोहिमेवरून परतले तेव्हा लष्करी कांबळ्यात गुंडाळलेली तान्ही नीमिया त्यांच्या हातात होती, आणि लग्नानंतर बारा वर्षांनी आमच्या घरात पाळणा हलला. मी एका शब्दाने काही विचारलं नाही. विचारायचं कशाला?

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी आमच्याकडे घरोघरी चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, भाजतात. साबूकंदाचं पीठ, चीज, अंडी, बडीशेप असं सगळं मळून मोठ्यांनी कडी वळायची आणि पोरांनी कबुतरं नाहीतर मगरी करायच्या. यंदा नीमियाने पिठाचे पाच पेड ओढले आणि वर न बघता अशी झरझर वेणी घातली, की आमची स्वयंपाकीण पास्तोरा हातातलं काम सोडून बघतच राहिली.

"बाईसाहेब, ही वेणी नदीपलीकडे इताकुरूतल्या बायका घालायच्या," ती पुटपुटली. "त्या गावात आता कुणी उरलेलं नाही."

"गाव कसलं, बंडखोरांचं बीळ होतं ते! आणि तू कशाला गं हिला असलं शिकवतेस?"

"मला येतच नाही हो. मरियेची शपथ!"

"मला आईनं शिकवलं," नीमिया म्हणाली.

"मी? मला कुठे येतंय, सोन्या?"

"तू नाही गं. दुपारी तू झोपतेस ना, तेव्हा ती येते."

दुपारी बंगल्याला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या उशाखाली असते, म्हणजे पोरीचे कान भरणारी घरातलीच. माझी पोर माझ्यापासून तोडायला निघाली होती मेली! मी यजमानांना फोन केला. अर्ध्या तासात बिनखिडक्यांची गाडी दारात आली. "बाईसाहेब, तुम्ही तरी सांगा ना त्यांना!" पास्तोरा ओरडत होती. अकरा वर्षं होती आमच्याकडे. मी दार लावून घेतलं आणि भट्टीतल्या चिपा स्वतः काढल्या. छान झाल्या होत्या.

जेवणं झाल्यावर पडदे ओढून मी नीमियाला कुशीत घेतलं आणि तिचं मनगट घट्ट धरून डोळे मिटले. घरात आम्ही दोघीच होतो. बला टळली, असं वाटून मला जरा डुलकी लागत होती, तोच पलंगाच्या पलीकडल्या कडेची गादी कुणी अलगद टेकावं तशी हळूहळू दबली.

नीमिया जागीच होती. तिकडे बघून ती हसली, मग माझ्याकडे वळली आणि पाहुण्यांशी बोलावं तशा अदबीने म्हणाली,

"बाई, माझा हात सोडता का? आई न्यायला आलीय."