सहाव्या भागातला पूल

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये दोन तट पडले, ते एका पुलावरून.

लॅब दातांची होती. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे आणि इथली माणसं त्यावरून कॅपा नि कवळ्या करून पाठवायची. कामाला माणसं सहा. त्यातली पाच 'नऊ बुरूज' ही मालिका बघायची. राजे, राण्या, बोलणारे गरुड असा सगळा मामला. दर शनिवारी नवा भाग आणि सोमवारी डबे उघडले की त्याची चिरफाड.

या वेळचा सहावा भाग लढाईचा होता. शत्रू दारात आल्यावर किल्ल्याची सेनापतीण खंदकावरचा पूल उचलायला लावते. पलीकडे तिचेच चारशे शिपाई अडकतात, त्यात तिचा सख्खा भाऊ. वर सगळी लढाई अशा काळोखात, की कोण कोणाला मारतंय याचा पत्ता नाही.

"पाऊण तास मी काळा पडदा बघितला," प्लास्टरकाका म्हणाले. साचे ओतायचं काम त्यांचं, त्यामुळे त्यांच्या भुवयाही कायम पांढऱ्या. "बायको मधेच येऊन विचारून गेली, टीव्ही बिघडला का म्हणून."

"काळोखाचं सोडा हो काका," बारकी म्हणाली. "आपल्याच माणसांना बाहेर ठेवून पूल उचलते ती? पाच भाग आपण या बाईला डोक्यावर घेतलं आणि सहाव्यात तिची पार माती केली."

बारकी अकरा वर्षांपूर्वी इथे लागली तेव्हा सगळ्यात लहान होती, म्हणून ते नाव. आता तिची मुलगी शाळेत जायला लागली तरी नाव काही वाढलं नव्हतं. समोर ताई बसली होती. मेणाचे दात कोरायला बारकीला शिकवलं ते ताईने. अकरा वर्षं दोघी एकाच बाकावर, एकाच दिव्याखाली. मालिकेचं वेडही तिनेच लावलेलं.

ताई घास चावून संपवत म्हणाली, "तिने बरोबर केलं. पूल उचलला नसता तर आतले होते तेही गेले असते."

"आणि बाहेरचे?"

"बाहेरचे गेलेच होते. तिने फक्त ते मान्य केलं."

ते ती इतक्या थंडपणे म्हणाली की बारकीच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी चुकचुकली नसती. पण लॅब चालवणाऱ्या मॅडम संगणकावर दात कोरणारं मशीन घेताहेत अशी कुजबुज आठवडाभर चालू होती. मशीन आलं की मेणाच्या बाकावर दोघी कशाला हव्यात? आणि त्याच आठवड्यात मॅडमनी ताईला दोनदा केबिनमध्ये बोलावलं होतं. दुसऱ्या वेळी दार लावून. बाहेर आल्यावर बारकीने विचारलं, "काय गं?" तर ताई म्हणाली, "काही नाही, एका जुन्या ऑर्डरचं होतं." जुन्या ऑर्डरचं बोलायला दार कशाला लावतं कोणी?

मग एकेक गोष्ट नजरेत भरायला लागली. मंगळवारी ताईने बारकीच्या ट्रेमधली एक तयार कॅप उचलली, खिडकीपाशी नेली, बराच वेळ फिरवून फिरवून बघितली आणि चकार शब्द न काढता परत ठेवली. बुधवारी ती एका कागदावर काहीतरी लिहीत होती. बारकी शेजारी आली तसा तिने त्यावर हात पसरला. गुरुवारी तर कहर झाला. बारकी हात धुवायला गेली तेव्हा पलीकडे जिन्यात ताई फोनवर बोलत होती. "तिला एवढ्यात कळू देऊ नका. कळलं की कामावरून लक्ष उडेल तिचं."

बारकी नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मुलीच्या बुटाला शिवण घालत बसला होता.

"सरळ विचार ना तिला."

"विचारलं आणि ती सावध झाली तर?"

"कशासाठी सावध होईल? तू ती मालिका जरा कमी बघ."

पण तिच्या डोक्यातून ते जाईना. शुक्रवारी सकाळी एका दंतवैद्याकडून ताईने केलेली कॅप परत आली. बारकीने ती साच्यावर बसवून भिंगाखाली धरली. हिरडीकडच्या कडेला केसाएवढी फट होती. त्या आठवड्यातली ही तिसरी. एरवी तिने ती गुपचूप नीट केली असती, ताईने तिच्या शंभर चुका तशाच नीट केल्या होत्या. त्या दिवशी मात्र ती कॅप मुठीत धरून ती उठली आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेली. या वेळी दार तिनेच लावलं.

"ताईच्या कामात फटी राहताहेत," ती म्हणाली. "तीन कॅपा परत आल्या. कोणाला कमी करायचं असेल, तर हे तुमच्या कानावर असावं एवढंच."

मॅडमनी तिला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं.

"ताईने हे मला दहा दिवसांपूर्वीच सांगितलंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे तिला. बारीक कड दिसत नाही. मशीन येतंय, त्याचं शिक्षण घ्यायला तुला पाठवा, असा अर्ज तिने लिहून दिलाय. मला प्लास्टरच्या खोलीत घ्या म्हणाली. तुला बोलले नाही, कारण तिथली जागा पक्की व्हायची होती. नाही झाली तर तू हिरमुसशील, असं तिचंच म्हणणं. काल मी बाहेर होते तेव्हा फोनवरही मला तेच सांगत होती. कमी कोणालाच करायचं नाहीये."

बारकीने मुठीतली कॅप टेबलावर ठेवली.

"हे आपल्या दोघींत राहील," मॅडम म्हणाल्या.

राहिलंही असतं. बारकीने दुपारभर तसा विचार करून बघितला. पण चार वाजता ताईने मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा विझवला तेव्हा बारकीला राहवेना. मान खाली घालून तिने सगळं सांगून टाकलं, जिन्यातल्या फोनपासून केबिनच्या दारापर्यंत.

ताई ऐकत होती. मग म्हणाली, "किती कॅपा सांगितल्यास?"

"तीन."

"चार होत्या. एक मीच जाऊन घेऊन आले."

बारकीने मान वर केली.

"सांगितलंस ते खोटं नाही," ताई म्हणाली. "त्या दिवशी तुझी कॅप खिडकीत नेली ती तेवढ्यासाठीच. तुझी कड मला दिसते का बघत होते. नाही दिसली. पण अकरा वर्षांत तू माझ्याशी न बोलता कधी केबिनमध्ये गेली नव्हतीस."

"मला वाटलं, कमी करायला तू माझं नाव देतेयस. सोमवारी त्या पुलाचं तू असं बोललीस की..."

"मला तर तो भाग दिसलाच नाही. वाटलं, बाकी सगळ्यांना दिसला असेल. काका काळा पडदा म्हणाले तेव्हा जिवात जीव आला माझ्या. मी नुसता ऐकला. 'उचला' म्हणताना तिचा आवाज फुटला होता गं. तुम्ही काळोखाला नावं ठेवत बसलात, तुम्हाला ते ऐकूच आलं नाही."

तिने हत्यारं पुसून डब्यात भरली आणि निघून गेली.

पुढच्या सोमवारपासून ताई आपला जेवणाचा डबा प्लास्टरच्या खोलीत घेऊन जायला लागली. बारकी तीन आठवडे मशीन शिकायला गेली. परत आली तोवर ताईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं, नणंद बरोबर गेली होती. बारकीला तारीखसुद्धा कोणी कळवली नव्हती. तिने तक्रार केली नाही. मशीन दिवसाला वीस कॅपा काढत होतं. त्यांच्या कडा ती अजून भिंगाखाली धरूनच बघायची.

मालिका संपली त्याच्या पुढच्या सोमवारी ताई डबा घेऊन बाहेर आली आणि काकांच्या शेजारी बसली. शेवटचा भाग तिला अजिबात पटला नव्हता. बारकीला आवडला होता, आणि तिने तसं सांगितलं. दोघींचं चांगलं वाजलं. काका मधे पडले नाहीत.

डबा बंद करता करता ताई म्हणाली, "डाव्या डोळ्याची तारीख बावीस मिळालीय. नणंदेला त्या दिवशी जमत नाही."

"मी येते."

"मी अजून विचारलेलं नाही."

"मग विचार ना."

ताईने डब्याचं झाकण दाबून बसवलं, ते नीट बसलंय का ते बोटाने चाचपून बघितलं.

"सकाळी आठला निघावं लागेल," ती म्हणाली.