हलकीची भोकं

धाकटा सिगारेटच्या कारखान्यात तपासनीस होता, पण जन्मात एक झुरका न मारलेला. त्याच्याऐवजी मशीन ओढायचं. मिनिटाला एक झुरका, दोन सेकंदांचा, ना कमी ना जास्त. खोलीत वारा नको, कारण वाऱ्यावर सिगारेट भराभर जळते. दमट हवा नको, नाहीतर रेंगाळते. सगळं डोळ्यांत तेल घालून पाहायचं. मग धुरात डांबर किती ते कळायचं, आणि तो आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सगळ्यात कमी आकडा 'हलकी' नावाच्या सिगारेटचा. तिच्या फिल्टरवर बारीक भोकं असायची, त्यांतून हवा शिरून धूर पातळ व्हायचा. बावीस वर्षांपूर्वी धाकट्याने मोठ्या फुशारकीने थोरल्या भावाला सांगितलं होतं, "दादा, ओढायचीच तर ही ओढ."

दादाने ऐकलं. पण ओढायचा मागच्या गॅलरीत, पाठ फिरवून. आपलं पाहून धाकट्याला नाद लागू नये, एवढंच त्याचं म्हणणं. धाकट्याचे केस पिकले तरी दादाने नेम मोडला नाही.

आता दादाची फुप्फुसं गेली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. गॅलरीपर्यंत चालवेना, म्हणून त्या दुपारी दादाने पहिल्यांदाच धाकट्यासमोर, खाटेवर बसून पेटवली. वहिनीनेच राखेसाठी बशी आणून ठेवली. आता अडवून काय मिळणार होतं?

दादाने सिगारेट ओठांलगत चिमटीत धरली, थेट भोकांवर, आणि गाल आत जातील असा झुरका ओढला. लगेच दुसरा.

धाकटा त्या बोटांकडे पाहत राहिला. मशीनला बोटं नव्हती.

"दादा, तिथे भोकं असतात रे. ती झाकली की हलकी कसली, साधीच ती."

"असं होय! मी म्हणतोय, एवढी हलकी ओढून एवढं जड दुखणं कसं." दादा हसला, मग बराच वेळ खोकला. "त्या वर्षी सोडणारच होतो बघ. हिला शब्दही दिला होता. मग तू हलकी आणलीस."

चिडून म्हणाला असता तर सोसलं असतं. तो अगदी सहज म्हणाला. धाकट्याला रडू आवरेना.

दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि बोटं कशीबशी भोकांवरून निखाऱ्याकडे सरकवली.

"आता बरोबर?"

"बरोबर, दादा," धाकटा म्हणाला.