सोमवारपर्यंतची नखं

"आई, बोट ढिलं सोड ना. मी नख घासून राहिली अन् तू हात वढून राहिली!"

डिंपलनं आईचा अंगठा पुन्हा उशीवर दाबून धरला आणि बारीक कानस फिरवायला सुरुवात केली. पांढरी भुकटी उडून रत्नाबाईच्या पदरावर पडली. आपल्याच नखाची भुकटी होते हे तिला आज कळत होतं. आजवर नखं झिजली ती धान कापताना, भांडी घासताना, आणि झिजली कधी ते बघायला सवड कुणाला होती!

खरं म्हणजे ती इथं बसायला आलीच नव्हती. उद्या पुतणीची, रक्षाची हळद. घरात लग्नाची धांदल. रक्षाचा शिवायला टाकलेला ब्लाउज आणायचा, बांगड्या घ्यायच्या, म्हणून ती लेकीबरोबर एकोडीहून सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याला आली होती. डिंपलच्या ब्यूटी पार्लरच्या क्लासची परीक्षा होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचं, एवढंच ठरलं होतं. पण जिच्या हातावर डिंपल नखं करणार होती त्या प्रतीक्षाचा ऐन वेळी निरोप आला, ताप आला म्हणून. डिंपलनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळ्या मुली आपापल्या मैत्रिणीचे हात धरून बसलेल्या. मोकळे हात उरले होते फक्त बाकावरच्या बाईचे.

"कोणते लावू ते सांग आता," डिंपल म्हणाली. "तीन प्रकार हायेत. एक हे तयार नखं, डिंकानं चिपकवाचे. गरम पान्यात हात बुडवला का निघाले. दुसरं जेल. लेप लावाचा, त्या दिव्याखाली वाळवाचा. तिसरं ॲक्रेलिक. पूड अन् पातळ औषध मिळवून नखावरच नख बांधाचं. ते पक्कं. महिनाभर हालत नाई."

"मले काय समजते त्यातलं? जे लवकर निघन ते लाव."

 डिंपलनं डिंकाच्या नखांचं पाकीट पुढं ओढलं, उघडलं, आणि पुन्हा बंद केलं.

"काहून? काय झालं?"

"चिपकवाचे लावले तर पास होईन मी," ती हळूच म्हणाली. "पन मॅडम साकोलीले दुकान टाकून राहिल्या. एक पोरगी ठेवनार हायेत. जिचं ॲक्रेलिक चांगलं, तिलेच. सोमवारी परत पाहतीन, तीन दिवसांत कुठं सुटलं का म्हनून. सुटलं तर गेलं काम."

साकोली म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. नाहीतर पोरगी नागपूरला जाणार, कुठल्या खोलीत राहणार, काय खाणार. सहा महिने रत्नाबाईच्या डोक्याचा त्यानं भुगा झाला होता. पण सोमवार! आज शुक्रवार. उद्या हळद, परवा लग्न.

तिला चिंता होती ती उद्याच्या हळदीची.

रक्षा म्हणायला भासऱ्यांची, थोरल्या दिराची, श्यामरावांची लेक. पण तिला जन्म देऊन मोठी जाऊ वर्षभर अंथरुणाला खिळली, तेव्हा नवी नवरी म्हणून आलेल्या रत्नाबाईनंच त्या पोरीला तेल चोळलं, न्हाऊ घातलं, पायावर घेऊन झोपवलं. डिंपल झाली ती नंतर. आता रक्षाच्या अंगाला हळद लावायची, एवढी एकच इच्छा तिनं मनात धरली होती. पण नवरा जागेश्वर गेला त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत घरात जेवढी कार्यं झाली, तेवढ्यांत रत्नाबाई चुलीपाशी. कुणी हाकललं नव्हतं, तिचं तीच जाऊन बसायची, आणि कुणी बोलवायलाही यायचं नाही. सासूबाईंचा, सुलोचनाबाईंचा या बाबतीत फार कडक कारभार. त्या स्वतः तीस वर्षं विधवा. तेव्हापासून त्यांनी कुणालाही हळद लावली नव्हती, पोटच्या लेकीलासुद्धा नाही.

तरी आठ दिवसांपूर्वी धीर करून रत्नाबाईनं विचारलं होतं. सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ खडेच वेचत राहिल्या.

"पाहू," त्या शेवटी म्हणाल्या होत्या. "लोकं पांगले का मंग. शेवटी."

तेवढं अर्धं 'हो' रत्नाबाई आठ दिवस जपून होती. आणि आता तिथं नखं रंगवून जायचं? विधवेनं कुंकू लावायचं नाही, हिरवा चुडा भरायचा नाही, हे सगळ्यांना माहीत. पण नखांचं काय? नखांचं कुणीच कधी काही सांगितलं नव्हतं. चालतं की चालत नाही? विचारायचं तरी कुणाला? आणि विचारलं की समजायचंच, नाही म्हणून.

"आई, मॅडम पाहून राहिल्या. डिंकाचेच लावू का?"

डिंपलचा आवाज अगदी साधा होता. हट्ट नाही, रडं नाही. त्यानंच रत्नाबाईला कसंतरी झालं.

"ते पक्के वाले लाव," ती म्हणाली. "पन रंग पांढरा."

"पांढऱ्यावर काय दिसते? मार्क नाई भेटत."

दोन तासांनी रत्नाबाईच्या दहाही बोटांना बोटभर पुढं आलेली डाळिंबी नखं होती आणि दोन्ही अनामिकांवर सोनेरी धानाची लोंब. मॅडमनी हात हातात घेऊन वळवून पाहिला, नखाखालून बोट फिरवलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते कळलं नाही. परतीच्या गाडीत रत्नाबाई पदराखाली हात घेऊन बसली. कंडक्टरला पैसे द्यायला हात बाहेर काढावा लागला, तर नोट काही केल्या बोटांत धरता येईना. डिंपल खिडकीकडं तोंड करून हसली.

पदराखाली हात किती वेळ राहणार! दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप देताना सुलोचनाबाईंनी पाहिलंच. कप खाली ठेवला आणि तिचं एक बोट धरून त्यावर टिचकी मारली. टक् असा आवाज झाला.

"दुखते?"

"नाई, आत्याबाई."

"निघते?"

निघते म्हणावं असं फार वाटलं. "सोमवारी निघन," रत्नाबाई म्हणाली. "डिंपलच्या परीक्षेचं हाये. आधी काढलं तर तिचं काम जाईन."

"हूं," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि चहा प्यायला लागल्या.

आता या 'हूं'चा अर्थ काय लावायचा? आता विसर, असं? की असू दे, असं? रत्नाबाई सकाळभर त्या एका 'हूं'च्या मागं फिरली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान कळलं असतं.

त्यात चुलीपाशीही तिचं काही चालेना. लसूण सोलायला घेतला तर पाकळी नखांतून निसटून दूर जाऊन पडायची. कणीक मळायला बसली तर पीठ नखांखाली जाऊन बसलं. पदराची पिन निघेना, कढईचा कान पकडवेना. मोठ्या जावेनं दुपारपर्यंत पाहिलं आणि मग तिचा संयम सुटला.

"उठ वं बाई तू! वरनात एखादं नख पडन अन् पाव्हन्याच्या घशात जाईन. जा तिकडं, मांडवात बस."

"मांडवात? मी?"

"मंग काय छपरावर बसतं? जा!"

अशी सहा वर्षांत पहिल्यांदा रत्नाबाई भर कार्यात मांडवात येऊन बसली. हातांचं काय करावं ते तिला सुचेना. जांभळीच्या डहाळ्या घातलेला मांडव, खाली शेणानं सारवलेलं अंगण, आणि मधोमध पाटावर पिवळी साडी नेसलेली रक्षा. नात्यातल्या पोरींनी रत्नाबाईचे हात पाहिले मात्र, गराडाच घातला. काकू दाखव, काकू हे कोनं केलं, काकू ही लोंब खरी वाटून राहिली. डिंपल तिथंच उभी राहून सगळ्यांना ॲक्रेलिक समजावून सांगत होती. रत्नाबाईचे कान तिकडं होते आणि डोळे बाजेवर बसलेल्या सासूबाईंकडं. सुलोचनाबाई काठी मांडीवर घेऊन पोरींकडं बघत होत्या.

चार वाजता हळद सुरू झाली. एकेक सवाष्ण पुढं व्हायची, आंब्याचं पान हळदीत बुडवून रक्षाच्या पायाला, गुडघ्याला, खांद्याला, कपाळाला टेकवायची आणि मागं सरायची. पाच झाल्या, मग इतर झाल्या. दिघोरीची मावशी झाली, तिनं चार शब्द जास्तीचे बोलून सगळ्यांना हसवलं. मग कुणी उरलं नाही.

लोकं काही पांगली नव्हती. पांगायला तयारही नव्हती. चहा यायचा होता.

रक्षानं मान वर केली. "काकू," ती म्हणाली.

तेवढंच म्हणाली. रत्नाबाई उठली कशी ते तिचं तिलाच कळलं नाही.  आता बसावं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि पुढं जावं तर पाय उचलत नव्हता.

"अवं रत्ना," दिघोरीची मावशी म्हणाली, "तू कायले उठली?"

आवाज गोडच होता. पण अंगणातली कुजबुज थांबली. मोठी जाऊ चहाची किटली घेऊन दारातच थबकली.

"थांब, रत्ना," बाजेवरून सुलोचनाबाई म्हणाल्या.

रत्नाबाई थांबली. संपलं, तिला वाटलं.  कुठून ती नखं लावली, कुठून मांडवात आले, रात्री सगळे गेल्यावर गुपचूप एक बोट तरी लावता आलं असतं.

सुलोचनाबाई काठी टेकत उठल्या, पाटापाशी आल्या. सुनेचा हात मनगटाला धरून त्यांनी सगळ्यांसमोर वर केला. दहा डाळिंबी नखं.

"हे एवढाले नखं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पोरीचा गाल खरचटला म्हंजे? उद्या लगन हाये तिचं. बोटानं लावू नोको."

त्यांनी रत्नाबाईचं मनगट सोडलं.

"तळहातानं लाव," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि वाकून हळदीचं ताट स्वतःच्या हातानं तिच्याकडं सरकवलं.

दिघोरीच्या मावशीचं तोंड उघडं होतं. बोलायचं तर तिला बरंच होतं, पण आता अंगणात प्रश्न उरला होता तो फक्त नखांचा. "खरंच वं," ती म्हणाली, "लांब त हायेतच."

रत्नाबाई खाली बसली. बोटं मागं वाकवून तिनं दोन्ही तळहात ताटात टेकवले, पुरे भरून घेतले. बाकीच्यांनी पानाच्या टोकानं टिपके दिले होते. तिनं दोन्ही गाल दोन्ही तळव्यांत धरले. मग गळा, मग दंड, मग पोटऱ्या, अगदी घोट्यापर्यंत. नखं पोरीच्या अंगाला लागू नयेत म्हणून बोटं ताणून ताणून दुखायला लागली होती.

"टोचून राहिलं का वं?" तिनं विचारलं.

रक्षाचे डोळे मिटलेले होते. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आनखी लाव," ती म्हणाली.