मंदाकाकूंचा अंबाडा आणि विहिरीवरची कप्पी

मी एक जुनी कप्पी आहे, मित्रांनो. विहिरीवरच्या आडव्या वाशाला टांगतात, दोर घालून पोहरा ओढतात, ती. अंगाने लोखंडी, स्वभावाने गोल.

जन्म लोहाराच्या भट्टीत झाला, पण कळती झाले ती वटार गावात, चंद्रहासकाकांच्या बागेत. पानवेली, केळी आणि सोनचाफा यांची तहान मी भागवली. मंदाकाकू काकांची नवी नवरी म्हणून पाणी ओढायला आल्या, तेव्हा मी जरा कुरकुरले. 'ही अगदी सासूबाईंसारखी बोलते,' असं त्या मनात म्हणाल्या असाव्यात. मोठ्याने फक्त हसल्या.

पुढे पंप आला आणि मला पडवीतल्या खुंटीवर बसवलं. सुरुवातीला आराम फार आवडला. ओझं नाही, दगदग नाही. मग आसावर गंज चढला आणि माझं चाक जागच्या जागी अडकलं.

गेल्या वर्षी काकूंचा उजवा खांदा दुखू लागला. शेजारच्या पॉलिनबाई म्हणाल्या, "स्पॉन्डिलायटिस." काका म्हणाले, "झीज." दुखण्याचं बारसं करायला आमच्याकडे शिक्षणाची अट नाही.

काकांनी उपाय बागेतलाच केला. वाऱ्याने सुटलेली पानवेल केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, बांधायची आणि ती पुन्हा आधार धरेपर्यंत तिला हात लावायचा नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून काकूंचा हात गळ्यात बांधला. काही आठवड्यांनी पट्टी सोडली तेव्हा हात खांद्याच्या वर जाईना आणि पाठीमागेही जाईना.

दुखणं काकू सोसत होत्या. सोसवत नव्हता तो अंबाडा. तो आता काका घालत. त्यांनी जन्मभर विड्याच्या पानांच्या जुड्या बांधल्या होत्या, अंबाडाही त्याच हाताने बांधला.

"बाजारात न्यायचंय का मला?" काकूंनी आरशात पाहून विचारलं.

"घट्ट तर झालाय," काका म्हणाले.

काकूंनी देवळात जाणं सोडलं. असं डोकं घेऊन चारचौघींत जायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

शेवटी विरारला फिजिओथेरपिस्ट असलेली पुतणी कृतिका त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. परतल्यावर पडवीत बैठक बसली. पॉलिनबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"काकू, हा फ्रोजन शोल्डर," कृतिका म्हणाली.

"गोठायला मी काय फ्रीजमध्ये बसले होते?"

"सांध्याभोवती पिशवीसारखं आवरण असतं. ते आवळलंय. त्यात हात बांधून ठेवला, म्हणून आणखी आखडला. स्पॉन्डिलायटिस म्हणतात ते मानेच्या मणक्यांचं दुखणं. तुमची मान छान आहे."

"आणि माझा गुडघा?" पॉलिनबाईंनी पाय पुढे केला.

"तो ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यातली गादी झिजते."

"म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस," काका म्हणाले. हे नाव त्यांनी ऐकून ठेवलं होतं, वापरायची संधी आज मिळाली.

"नाही काका. त्यात हाडच आतून विरळ होतं. दुखत नाही, पण साध्या पडण्याने मोडतं."

मित्रांनो, खुंटीवरून मला सगळं कळलं. दोराने माझी खाच झिजली, तो पॉलिनबाईंचा गुडघा. वरून धडधाकट पण आतून वाळवीने पोखरलेला वासा, ते काकांच्या तोंडचं ऑस्टिओपोरोसिस. ओझ्याने दोराचे पीळ उसवतात, तसा स्नायू ताणला जातो. आणि माझा गंज म्हणजे मंदाकाकूंचा खांदा.

कृतिका व्यायामासाठी प्लास्टिकची कप्पी मागवणार होती. काकूंनी माझ्याकडे बोट केलं, अर्थात डाव्या हाताने. "घरची असताना विकत कशाला?"

काकांनी मला खाली काढलं, फिरेना म्हणून हातोडा उचलला.

"काका, हातोडा नको," कृतिका म्हणाली. "तेल घाला, थोडं थोडं फिरवा. रोज."

"हे कप्पीचं सांगतेस की हिचं?"

"दोघींचं. फक्त काकूंना तेल नको."

शिलाई मशीनचं तेल पिऊन मी हळूहळू सुटले. पडवीच्या तुळईला टांगली गेले. दोराचं एकेक टोक एकेका हातात धरायचं, डाव्या हाताने खाली ओढायचं, म्हणजे उजवा वर जातो. पहिल्या दिवशी उजवा हात हनुवटीपाशीच थांबला. मी कुरकुरले, काकूही कुरकुरल्या. पण कितीतरी महिने आम्ही एकमेकींना सोडलं नाही. मीही असा हलका, लाडका पोहरा आयुष्यात ओढला नव्हता.

परवा संध्याकाळी काका फणी घेऊन पडवीत आले. काकू माझ्याखालीच उभ्या होत्या. त्यांनी फणी काढून घेतली, दोन्ही हात मागे नेले आणि अंबाडा घातला. जरा कलला. त्यात सोनचाफा खोवला आणि त्या पायात चपला घालून देवळाकडे निघाल्या.

काका फणीकडे बघत राहिले. "आता कुठे माझा हात बसत होता," ते म्हणाले.

मित्रांनो, दुखलं तर आधी जाणत्याला दाखवा, मग नाव ठेवा. बांधायचं की फिरवायचं, तेही त्यालाच विचारा. आणि घरात एखादी जुनी कप्पी पडली असेल, तर तिला तेवढं तेल पाजा.