भाऊजींच्या खुर्च्या

प्रार्थनाघराच्या तळघरात जेवढ्या खुर्च्या होत्या, तेवढ्यांच्या पाठीवर भाऊजींचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, पितळी पट्टीवर. पाण्याच्या टाकीवर होतं, फळ्याच्या चौकटीवर होतं, आणि जिन्याच्या कठड्यावर तर वरच्या टोकाला एक नि खालच्या टोकाला एक, असं दोनदा होतं. रंगाचं दुकान चालवून माणसानं चार पैसे मिळवावेत आणि त्यातले दोन देवाच्या दारी द्यावेत, यात वाईट काही नाही. पण भाऊजींचा उजवा हात द्यायला पुढे झाला की डावा लगेच पट्टी ठोकायला स्क्रू शोधायचा.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. शाळेतून निवृत्त झाल्यावर नुसतं घरात बसणं त्यांना जमेना, म्हणून संध्याकाळी त्या या तळघरात दूरदेशाहून आलेल्या लोकांना इथली भाषा शिकवायच्या. वर्गातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या राहण्याच्या परवानगीची सुनावणी गुरुवारी होती. वकील उभा राहिला नाही, तर तिला आणि शाळेत रमलेल्या तिच्या मुलीला परत पाठवणार, ही काळ्या दगडावरची रेघ होती. वकिलाच्या फीसाठी वहिनींनी प्रार्थनाघराच्या समितीच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष भाऊजीच होते.

"वहिनी, खुर्ची दिसते. टाकी दिसते," भाऊजी म्हणाले. "वकिलाला दिलेलं कोणाला दिसणार? त्याच्या कोटावर पट्टी लावायची का?"

"लावा की. काळ्या कोटावर पितळ उठून दिसेल."

भाऊजी हसले आणि पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. पुढची बैठक सुनावणीनंतर होती. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या सरळ वर्गावर गेल्या. दीर कितीही मोठा झाला तरी त्याचा कान कुठून धरायचा हे भावजयीला माहीत असतं.

वहिनींच्या हातात एक हुकमाचं पान होतं. वर्ग सुरू होण्याआधी सगळे विद्यार्थी डोळे मिटून जरा वेळ उभे राहायचे. कशासाठी, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू लपवायला त्यांना खडू शोधायचं सोंग करावं लागलं होतं. त्या लोकांच्या मुलखात वस्तूवर नाव कोरतात ते फक्त मेलेल्या माणसाचं. जिवंत माणूस स्वतःच्या नावाची पट्टी स्वतःच लावून घेईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एवढ्या खुर्च्या मागे ठेवून गेलेल्या त्या भल्या माणसाच्या आत्म्याला शांती मिळावी, म्हणून ते रोज प्रार्थना करत. गैरसमज दूर करायला एक वाक्य पुरलं असतं. वहिनींनी ते खर्चच केलं नाही. शिक्षिकेला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. भावजयीला मात्र शोभत होतं.

मंगळवारी त्यांनी भाऊजींना निरोप धाडला, की तुमच्या पट्ट्या ढिल्या झाल्यात, संध्याकाळी येऊन बघा. वकिलासाठी ज्यांना सवड नव्हती, ते भाऊजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन वेळेआधी हजर. मागच्या रांगेत ते उकिडवे बसून एकेक पट्टी चाचपत होते, तेवढ्यात वर्ग भरला. सगळे उभे राहिले. शिवणवाली बाई नव्या भाषेत सावकाश बोलू लागली.

"हे गृहस्थ फार चांगले होते. आम्हाला कोणी बसा म्हणत नव्हतं, तेव्हा यांनी खुर्ची दिली. देवा, त्यांना शांत झोप दे."

पट्टीवरचं नाव तिनं वडिलांच्या नावासकट अगदी स्पष्ट घेतलं. भाऊजींच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"आणि आताच्या अध्यक्षांना चांगली बुद्धी दे," तिच्या शेजारी उभा असलेला, वर्गातला टॅक्सीवाला म्हणाला. "ते वकील देत नाहीत. हे असते, तर दिला असता."

"दिलाच असता," सगळा वर्ग म्हणाला.

भाऊजी गुडघे धरून उठले. "वहिनी, हे काय चाललंय? मी मेलो कधी?"

"ते मला काय विचारता? पट्ट्या तुम्ही लावल्या." मग वहिनींनी वर्गाकडे वळून शांतपणे सांगितलं, "खुर्च्या देणारे ते हेच. आणि आताचे अध्यक्षही हेच."

टॅक्सीवाल्यानं मान खाली घातली. एक म्हातारी पुढे आली, तिनं भाऊजींचं मनगट धरून नाडी पाहिली आणि मागे वळून मान डोलावली. शिवणवाली बाई तेवढी भाऊजींकडे टक लावून बघत होती. इतके दिवस ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं तो समोर घाम पुसत उभा होता, आणि तिला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद बघून वहिनींनाच कसंतरी झालं.

भाऊजी तिच्याकडे वळले. "म्हणजे आता माझ्यासाठी प्रार्थना बंद करणार तुम्ही?"

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडे मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. जिवंत माणसाला काम सांगतात."

भाऊजी वहिनींकडे बघायला लागले. वहिनींनी फळा पुसायला घेतला. तो आधीच कोरा होता.

मग भाऊजींनी एक खुर्ची ओढली, त्या बाईसमोर बसले आणि म्हणाले, "सांगा."