दुसऱ्या ड्राइव्हवर

ताईचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा होता आणि तिचं पोट त्याच्यावर चालायचं. विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करणं, समास बसवणं, तळटीपा लावणं, शेवटी अनुक्रमणिका जुळवणं, हे तिचं काम. सकाळी मशीन सुरू केलं की ते जागं होईपर्यंत तिचा चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचा.

मी तंत्रशाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. गेली बारा वर्षं लॅबमध्ये आणि घरी लिनक्सशिवाय दुसरं काही वापरत नाही. ही सिस्टिम फुकट मिळते, जगभरची माणसं मिळून ती तयार करतात आणि जुन्या मशीनवरही ती सुरळीत चालते. तिचं चिन्ह पेंग्विन, म्हणून शाळेतले शिक्षक मलाच पेंग्विन म्हणायचे. कुणाचं मशीन रडतंय असं कानावर आलं की मी पेन ड्राइव्ह घेऊन हजर. भावोजी म्हणायचे, "धाकट्याला जेवायला जरूर बोलवा, पण आधी कॉम्प्युटरवर चादर टाका."

भावोजी गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून बोलणं हाच त्यांचा धंदा. "क्लच हळू सोड, तो काय तुझा वैरी आहे?" मलाही त्यांनीच शिकवलं. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. त्यानंतर दीड वर्ष ते वहीत लिहून बोलले आणि एका सकाळी गेले. ताईला मूलबाळ नाही. तिच्यामागे मी एकटाच.

त्यानंतर साधारण वर्षभराने तिच्या मशीनवर रोज एक सूचना यायला लागली की या सिस्टिमचे अपडेट आता बंद झाले. दुकानदाराने तिला नवं मशीन घ्यायला सांगितलं. तिने मला फोन केला.

"नवं कशाला?" मी म्हटलं. "रविवारी येतो. लिनक्स टाकतो. बघ, हेच मशीन पळायला लागेल."

"फुकट ते पौष्टिक म्हणतात, तसं ना?" ती हसली. "ये बाबा. पण माझं काम अडायला नको."

"महत्त्वाचं सगळं दुसरीकडे घेऊन ठेव. मी अख्खं मशीन पुसणार आहे."

"ठेवते."

रविवारी सकाळी गेलो. खुर्चीत बसता बसता पुन्हा विचारलं, "घेतलंस ना सगळं?"

"हो रे. सगळं दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलंय. दोनदा बघितलं."

आदल्या वर्षी मी तिला एक पेन ड्राइव्ह दिला होता. माझ्या डोक्यात तोच. बघू दे तरी, असं म्हणालो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हणालो नाही.

वर शहाणपणा असा केला की नवी सिस्टिम टाकण्याआधी सगळी डिस्क धुऊन काढायची ठरवली. शाळेतली जुनी मशीन बाहेर देताना आम्ही तसं करतो. डिस्कच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत नुसती शून्यं लिहायची, म्हणजे आधीचं काहीही कुणाला परत काढता येत नाही. घरच्या मशीनला त्याची काडीची गरज नव्हती. पण काम करायचं तर चोख, ही माझी खोड. आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं, आणि पडद्यावर आकडा चढायला लागला.

"किती वेळ लागेल?" ताईने विचारलं.

"दोन तास धर."

"मग चहा करते."

ते दोन तास मला फार चांगले आठवतात. भावोजी गेल्यापासून ती एवढी मोकळी कधी बोलली नव्हती. भावोजींकडे एक निवृत्त न्यायाधीश शिकायला यायचे, त्यांची गोष्ट तिने सांगितली. भावोजी म्हणायचे, "ब्रेक दाबा." न्यायाधीश म्हणायचे, "कारण द्या." आणि भावोजी कारण देईपर्यंत गाडी फाटकावर आदळलेली. ताई भावोजींच्या आवाजाची नक्कल करायला गेली, तिला जमेना, तेव्हा ती जास्तच हसली. मीही हसलो. मधूनच पडद्याकडे बघून मी सांगायचो, "निम्मं झालं." पुढे, "आता थोडं राहिलं."

दुपारी नवी सिस्टिम बसली. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू झालं. ताई खुर्ची पुढे ओढून बसली. मी तिला लेखनाचा प्रोग्रॅम दाखवला, छपाईचं यंत्र जोडून एक पान काढून दाखवलं, अक्षरं मोठी करून दिली.

"अगं बाई, हे तर उडतंय," ती म्हणाली. माझी छाती फुगली.

मग तिने माऊस हातात घेतला आणि फायलींची खिडकी उघडून ती वरपासून खालपर्यंत बघायला लागली.

"डी कुठाय रे?"

"कुठला डी?"

"डी ड्राइव्ह. सी आणि डी असायचे ना. मी सगळं डीवर टाकलंय."

मला लगेच कळलं. तरी मी विचारलं, "पेन ड्राइव्हवर नाही टाकलंस?"

"पेन ड्राइव्ह हरवतो म्हणून भीती वाटते मला. दुकानातला माणूस दर वेळी सांगायचा, मशीन साफ केलं तर सी जातो, डीला धक्का लागत नाही. दोनदा त्याने साफ केलं, दोन्ही वेळा डीवरचं सगळं जागच्या जागी होतं."

तो खरं तेच बोलला होता. तो फक्त सी साफ करायचा. एकाच डिस्कचे दोन भाग करून त्यांना सी आणि डी म्हणतात. एका घरात भिंत घालून दोन खोल्या कराव्यात तसं. मी अख्खं घर जमीनदोस्त केलं होतं.

"धाकट्या, बोल ना. कुठाय?"

"ताई," मी म्हटलं, "डी वेगळा नसतो. ती डिस्क एकच होती."

तिने माऊसवरचा हात काढला. "म्हणजे गेलं?"

"हो."

"पण असं गेलेलं परत काढतात ना? तूच शाळेतल्या बाईंचे फोटो काढून दिले होतेस."

ते फोटो नुसते पुसले गेले होते, त्यांच्यावर काही लिहिलं गेलं नव्हतं. हे मी तिला समजावून सांगितलं. सकाळी दोन तास आम्ही चहा पीत बसलो होतो तेव्हा ती शून्यं कशावर लिहिली जात होती, ते माझ्याच तोंडाने मला तिला सांगावं लागलं.

"काय होतं त्यात?" मी विचारलं. "प्रबंध असतील तर आपण पुन्हा..."

"प्रबंध विद्यार्थ्यांकडे असतात," ती म्हणाली. "यांचा आवाज होता."

मला काहीच माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या आधी दोन दुपारी भावोजी याच खोलीत दार लावून बसले होते. मायक्रोफोन जोडून त्यांनी तिच्यासाठी एकेक गोष्ट बोलून ठेवली होती. एकूण एक्केचाळीस फायली. प्रत्येकीला त्यांनीच नाव दिलेलं. 'किल्ली सापडेना तेव्हा'. 'माझा राग आला तर'. 'एकटीने जेवायचा कंटाळा आला तर'. 'उगाचच'. कुणाला सांगू नकोस म्हणाले होते, नाहीतर लोक रडवेली तोंडं करून ऐकायला येतील.

"मी सहाच ऐकल्या होत्या," ताई म्हणाली. "बाकीच्या राखून ठेवल्या होत्या. एकदम ऐकल्या तर संपून गेल्या असत्या ना रे."

ती रडली नाही. उठून तिने चहाचे कप उचलले आणि आत गेली. बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी ती डिस्क शहराच्या दुसऱ्या टोकाला, हरवलेला डेटा परत काढून देणाऱ्या माणसाकडे नेली. काही मिळणार नाही हे मला त्याच्यापेक्षा कमी माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "साहेब, हे तुम्ही स्वतः केलंत? मग तुम्हीच सांगा, मी कुठे शोधू?" तरी माझ्या समाधानासाठी त्याने ती तीन दिवस ठेवून घेतली. परत देताना तो दारापर्यंत सोडायला आला. इतक्या हळू आवाजात बोलला की मला लाज वाटली.

मग मी दुसरीकडे शोधायला लागलो. त्यांचा जुना फोन भंगारात गेला होता. लग्नाच्या व्हिडिओवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी भरलेली. त्यात भावोजी ओठ हलवताना दिसतात, ऐकू मात्र सनई येते. मी त्यांच्या जुन्या शिकाऊ लोकांना गाठत सुटलो. बहुतेकांनी नंबरसुद्धा ठेवला नव्हता. शेवटी एका नर्सबाईंच्या फोनमध्ये भावोजींनी बोलून पाठवलेला एक निरोप सापडला. त्यांनी तो का ठेवला हे त्यांनाही सांगता येईना.

तो घेऊन मी ताईकडे धावलो. ती एका प्रबंधाचा समास बसवत होती. काम तर थांबत नव्हतं, त्यामुळे तीच डिस्क परत घालून त्याच नव्या सिस्टिमवर ती रोज बसत होती. मी फोन तिच्यासमोर धरला.

"उद्या साडेसातला. गाडी फाटकाशी लावतो. चप्पल घालून येऊ नका, बूट घाला. आणि उशीर झाला तर मी आपला निघून जाईन हं."

अकरा सेकंद. आवाज घोगरा झालेला होता, पण भावोजीच.

ताईने डोळे मिटून ऐकलं. "आणखी एकदा लाव," म्हणाली. मी लावलं. मग तिने फोन हलकेच माझ्याकडे सरकवला.

"आवाज त्यांचाच आहे," ती म्हणाली. "पण माझ्याशी नाही रे बोलत."

तिने मला कधी दोष दिला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मलाच 'ड्राइव्ह' हा शब्द कळला नाही, त्याला काय कळणार?" हे मला सगळ्यात जड गेलं. शब्द कळणं हे माझं काम होतं, त्याचाच मला पगार मिळतो. चार लोकांत तिने मला फाडून खाल्लं असतं तर मी मान खाली घालून उभा राहिलो असतो. तिने मला ती सोयही ठेवली नाही.

सुरुवातीचे दोन-तीन महिने तिचे फोन यायचे. तळटीप पुढच्या पानावर पळते, छपाईत समास सरकतो, विद्यार्थ्याने पाठवलेली फाइल वेडीवाकडी उघडते. फोनवरून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून मी प्रत्येक वेळी स्वतः जायचो. दहा मिनिटांचं काम असलं तरी तासभर रेंगाळायचो. ती बाजूला बसून कागदावर लिहून घ्यायची, कुठे दाबलं, मग काय आलं.

हळूहळू फोन कमी झाले. एकदा मी न राहवून विचारलं, "काही अडत नाही का हल्ली?"

"नाही रे. जमतं आता. नाही जमलं तर नेटवर लिनक्सवाल्यांच्या गटात प्रश्न टाकते, तुझ्यासारखी माणसं उत्तर देतात."

ती खरोखर शिकली होती. माझ्या लॅबमधल्या मुलांना जमत नाही इतक्या सफाईने ती ते मशीन वापरायला लागली. बारा वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो की शिका, कुणावर अवलंबून राहू नका. माझ्या सगळ्या खटाटोपात पूर्ण शिकलेलं माणूस एकच निघालं, आणि त्याला माझी गरज उरली नाही. मी मात्र लोकांच्या मशीनला हात लावणं सोडून दिलं. शाळेत कुणी विचारलंच तर सांगतो, वेळ नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. छपाईच्या यंत्राची शाई संपली होती, येताना आणशील का, म्हणाली. संध्याकाळी नेऊन दिली. ती कामातच होती. शाईची डबी बसवून मी निघणार, एवढ्यात ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तुझ्या नावाचीही एक होती."

"काय?"

"फाइल. 'धाकट्यासाठी' असं नाव होतं. मी उघडली नव्हती. तुझी होती ना. सवडीने देईन म्हणत होते, मग तू रडशील म्हणून राहिलं."

मी स्टुलावर बसलो.

"तुला सांगणारच नव्हते," ती म्हणाली. "आधीच खंगलायस. पण मग वाटलं, होती एवढं तरी तुला माहीत असावं. यादीत वेळ दिसायचा. माझ्या सगळ्या दोन-तीन मिनिटांच्या. तुझी सतरा मिनिटांची होती."

सतरा मिनिटं. मला गाडी शिकवताना सोडलं तर भावोजी माझ्याशी सलग एवढा वेळ कधी बोलले असतील असं आठवेना.

"काय बोलले असतील?" मी विचारलं.

"मी स्वयंपाकघरात होते. दार बंद होतं." तिने पडद्यावरचं पान पुढे सरकवलं. "मध्ये एकदा मोठ्याने हसल्याचं ऐकू आलं. तेवढंच."

 तिने उजव्या हाताने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, दोनदा, आणि तोच हात परत माऊसवर नेला. चौथ्या प्रकरणाच्या तळटीपा राहिल्या होत्या. ती एकेक लावत गेली. मी तसाच बसून राहिलो, आणि तिनेही मला जा म्हटलं नाही.