पिवळं काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, आणि मी भित्री आहे. हसू नका. बंदुकीला लोक घाबरतात, बंदूक कुणाला घाबरणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझं आयुष्य ऐकलंत तर तुमच्या लक्षात येईल.

माझ्या दोन नळ्या शेजारीशेजारी नाहीत, एकीवर एक आहेत. अशा बंदुकीला ओव्हर-अंडर म्हणतात. मी कधी माणसावर चालले नाही, पाखरावरही नाही. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, एवढंच माझं काम.

माझा जन्म इटलीतल्या एका डोंगराळ गावातल्या कारखान्यात झाला. नळ्या पोलादाच्या, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कारागिरांनी माझ्यावर खूप माया केली. लाकडाला तेल चोळलं, बिजागरी अशी बसवली की मिटताना फक्त ‘टक्’ असा आवाज यावा. आणि मग एके दिवशी मला जाड भिंतींच्या एका खोलीत नेलं. लोखंडी चौकटीत आवळून बांधलं, नेहमीपेक्षा जास्त दारूचं काडतूस भरलं, आणि सगळी माणसं भिंतीआड जाऊन उभी राहिली. माझी परीक्षा होती ती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ज्यांनी मला घडवलं तेही मला भितात.

मी परीक्षेत पास झाले. माझ्या आधीची बंदूक झाली नाही. तिच्या नळीत काही दोष राहिला असावा. तिचं पोलाद सोलल्यासारखं उलगडलं होतं. तिला माझ्यासमोरून उचलून नेलं. ती नळी मी आजही विसरलेले नाही. आग तोंडातून बाहेर गेली तर ती आमची ताकद असते. वाट अडली, तर तीच आग आम्हाला आणि आम्हाला धरणाऱ्या हाताला फाडून बाहेर येते.

त्यानंतर मी समुद्र ओलांडून ओमानला आले. खाबुरा गावचे सालेम नावाचे व्यापारी माझे पहिले मालक. खजुराची बाग असलेले, अंगाने बारीक, उंचीने कमी. त्यांनी मला खांद्याला लावलं तेव्हा दस्ता त्यांच्या काखेत अडकला. मग त्यांनी एका सुताराकडून तो आखूड करून घेतला. गाल जिथे टेकतो ती कडाही थोडी घासून घेतली. त्या दिवसापासून मी त्यांच्या मापाची झाले. ते मला उचलत तेव्हा त्यांना नेम शोधावा लागत नसे, डोळा आपोआप माझ्या नळीवरच्या पट्टीवर येई. खेळ झाला की ते तेलाच्या फडक्याने मला पुसत. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, हे त्यांना ठाऊक होतं.

सालेमना वय झाल्यावर दिसेनासं झालं. त्यांनी मला मस्कतजवळच्या एका नेमबाजी क्लबला देऊन टाकलं. वादी अदाईच्या पुढे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या मध्ये तो क्लब आहे. तिथे माझे वाईट दिवस सुरू झाले. उंचापुऱ्या माणसांना माझा आखूड दस्ता चालेना. त्यांच्या गालावर माझा दणका बसे. “खलास, ही नको,” म्हणत ते मला परत ठेवत. हळूहळू मी कपाटातल्या शेवटच्या खाचेत गेले. बिजागरीवर गंजाचा ठिपका आला. दार बंद झालं की अंधारात मला एकच भीती वाटे. आपण कुणाच्याच मापाचे राहिलो नाही, तर आपलं काय करतील?

मग हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सकाळी कपाटाचं दार उघडलं. नुमानभाईंनी मला बाहेर काढलं. नुमानभाई मूळचे श्रीवर्धनचे, क्लबात शिकवायचं काम त्यांचं. त्यांनी टेबलावर तीन बंदुका मांडल्या. एक नवी कोरी, लांब आणि वजनदार, माझ्यासारखीच बारा बोअरची. दुसरी हलकी, बारीक नळ्यांची, वीस बोअरची; बोअरचा आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. तिसरी मी.

समोर मस्कतमधल्या अझैब्याहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. आशुतोष इंजिनियर होते. त्यांची मुलगी अंतरा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिला नेमबाजी शिकायची होती, आणि आपल्याला कोणती बंदूक जमते ते आज ठरवायचं होतं. तिची आई विद्या मात्र मागेच, पांढऱ्या रेषेच्या पलीकडे, सावलीत थांबली होती. तिने थर्मास पोटाशी घट्ट धरला होता.

“तू पुढे ये ना,” आशुतोष म्हणाले.

“मी इथेच बरी आहे.”

“गाडीत काय ठरलं होतं आपलं? तिला उगाच घाबरवायचं नाही.”

“मी काही बोलतेय का?” विद्या म्हणाली, आणि खरंच गप्प झाली.

नुमानभाईंनी अंतराला सांगितलं, “बेटा, बंदूक डोळ्यांनी निवडायची नाही. डोळे मिट. खांद्याला लाव, गाल टेकव. मग डोळे उघड आणि काय दिसतं ते सांग.”

अंतराने आधी नवी बंदूक उचलली. दस्ता तिच्या जाकिटात अडकला. डोळे उघडून ती म्हणाली, “मला पुढचं काहीच दिसत नाही. फक्त मागचं लोखंड. आणि ही पुढे... काय म्हणतात... खाली जाते.”

“तोंडाला जड आहे. ठेव.”

वीस बोअरची तिला आवडली. तिने तिच्यातून काही पिवळी काडतुसंही उडवली. पण ती बंदूक इतकी हलकी होती, की तबकडीच्या मागे जाताना मधेच थबकायची. “खेळण्यासारखी वाटते,” अंतरा म्हणाली.

मग तिने मला उचललं. डोळे मिटले. माझा दस्ता तिच्या खांद्याच्या खळग्यात अलगद बसला. गाल लाकडावर आला. तिने डोळे उघडले आणि ती हलेचना.

“बाबा, ही लाइक... माझ्याच साइझची आहे. मला काही करावंच लागत नाही.”

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मला असं म्हटलं होतं. मी क्षणभर सगळी भीती विसरले. पण तो आनंद टिकला नाही.

तेवढ्यात तबकड्या उडवणारं यंत्र अडकलं. “मी येईपर्यंत नुसती धरून बघ. भरायची नाही,” असं बजावून नुमानभाई तिकडे गेले. आशुतोषनी टेबलावरची बारा बोअरची लाल काडतुसं मूठभर उचलली आणि वेळ वाचावा म्हणून मुलीच्या खिशात टाकली. त्याच खिशात वीस बोअरची पिवळी काडतुसं उरलेली होती.

“झालं चालू! यल्ला, ये पुढे,” म्हणत नुमानभाई परतले. त्यांनी कानांवर आवाज अडवणारे कानपट्टे चढवले, अंतरा आणि आशुतोषनीही चढवले. नुमानभाई आकाशाकडे बघत होते. अंतराने खिशात हात घातला आणि हाताला लागलं ते काडतूस माझ्या खालच्या नळीत टाकलं.

ते पिवळं होतं.

माझ्या नळीत बारीक काडतूस तोंडाशी थांबत नाही. ते आत घसरलं आणि पुढे, नळी जिथे अरुंद होते तिथे घट्ट जाऊन रुतलं. माझा श्वास अडकावा तसं झालं. मला ओरडता येत नव्हतं. अंतराने मला मिटलं, “पुल!” म्हणजे ‘सोडा’, असं ओरडली, तबकडी उडाली. तिने चाप ओढला.

नुसतं ‘टक्’.

नियमाप्रमाणे ती माझं तोंड समोर ठेवून थोडी थांबली. मग तिने मला उघडलं. काडतुसाची जागा रिकामी होती.

“मी भरली होती ना?” ती गोंधळून म्हणाली.

“विसरली असशील. दुसरं घाल,” आशुतोष मोठ्याने म्हणाले. नुमानभाईंनीही मान हलवली. पहिल्यांदा येणारे असे विसरतात, हे त्यांनी बरेचदा पाहिलं होतं.

अंतराने दुसरं काडतूस काढलं. हे लाल होतं, माझ्याच मापाचं. ते नीट बसलं. आता माझ्या एकाच नळीत दोन होती. मागचं पेटलं, की पुढच्यावर आदळणार होतं. आणि बरोबर त्याच जागी, नळ्यांच्या खाली, अंतराचा डावा हात होता. मला कारखान्यातली ती सोललेली नळी दिसू लागली. मी मिटू नये म्हणून किती धडपडले असेन! पण बिजागरी माझं ऐकत नाही. ती हाताचं ऐकते. मी मिटले. मी खांद्यावर चढले. तिचा गाल माझ्या लाकडावर आला, ऊबदार, विश्वासाने.

तेव्हा मागे थर्मास खाली पडला.

“थांबा!” विद्या ओरडली. कानपट्ट्यांमुळे कुणालाच ऐकू गेलं नाही. सकाळपासून एक पाऊल पुढे न आलेली ती बाई पांढरी रेषा ओलांडून धावली आणि तिने मागून नुमानभाईंचा दंड धरला. नुमानभाईंनी वळून तिचा चेहरा पाहिला, आणि काहीही न विचारता पुढे होऊन माझ्या नळ्या समोरच्या जमिनीकडे दाबल्या.

“चापावरचं बोट काढ. उघड. बेटा, उघड आधी.”

अंतराने मला उघडलं. तिचा ‘पुल’ ओठांवरच राहिला होता.

“काय झालं, ताई?” कानपट्टे काढत नुमानभाईंनी विचारलं.

“तिने आधी पिवळं घातलं होतं,” विद्याला धाप लागली होती. “मी तिच्या हातांकडेच बघत होते. पिवळं आत गेलं, ते बाहेर पडलंच नाही. आणि आता तिने लाल घातलं.”

नुमानभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला हातात घेतलं, लाल काडतूस काढलं, आणि उघड्या बाजूने डोळा लावून नळ्या आकाशाकडे धरल्या. वरच्या नळीतून उजेड आला. खालच्या नळीत अंधार होता.

पुढून सळई घालून त्यांनी ते पिवळं काडतूस हलकेच मागे सारलं. ते त्यांच्या तळहातावर पडलं.

“काय झालं असतं?” अंतराने विचारलं.

नुमानभाई तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग तीही बघू लागली.

“ताई, चूक माझी,” ते शेवटी म्हणाले. “दोन मापांची काडतुसं एका टेबलावर यायलाच नको होती. आणि ती जागा रिकामी दिसली, तेव्हाच मी नळीतून बघायला पाहिजे होतं.”

आशुतोष खुर्चीवर बसले. “दुसरं घाल असं मीच म्हणालो,” ते पुटपुटले. “विद्या, तू पाहिलंस म्हणून...”

“पहिल्यांदा नुसतं ‘टक्’ वाजलं, तेव्हाच मी पाहिलं होतं,” विद्या म्हणाली. “पण वाटलं, मी नेहमीसारखी उगाच घाबरतेय. तुम्ही सगळे हसाल. म्हणून गप्प बसले. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर?”

अंतराने आईला मिठी मारली. मी टेबलावर उघडी पडले होते. मला वाटलं, आता कपाट, तोच अंधार, आणि यापुढे कुणी मला हात लावणार नाही. लावू नये असंही वाटत होतं.

निघताना अंतरा थांबली. “आई, मला एकदा हिनेच तबकडी मारायचीय. नाहीतर मला नेहमीच भीती वाटेल.”

विद्या म्हणाली, “नळीतून मी बघणार. मी हो म्हटल्याशिवाय काही भरायचं नाही.”

नुमानभाईंनी पिवळी काडतुसं आणि वीस बोअरची बंदूक उचलून आत नेली, अंतराचा खिसा उलटा करून घेतला. मग आयुष्यात कधी बंदुकीला हात न लावलेल्या विद्याने मला धरलं. तिने डोळा लावला.

“डोंगर दिसतोय,” ती म्हणाली. “दोन्हीतून.”

अंतराने एकच लाल काडतूस भरलं. “पुल!” मी कडाडले. तबकडी मुळीच फुटली नाही, पलीकडच्या दगडांवर जाऊन पडली. अंतरा हसली, आणि हसता हसता रडली.

आता ती दर शुक्रवारी येते. माझा गंज तिनेच घासून काढला. तबकड्याही फुटू लागल्या आहेत. विद्या अजूनही घाबरते, आणि अजूनही आधी तीच बघते. आता तिला कुणी टोकत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कुठे बंदूक पडलेली दिसली, तर तिला हात लावू नका, लगेच मोठ्यांना बोलवा. आणि तुमच्यातलं कुणी घाबरून ‘थांबा’ म्हणालं, तर त्याला हसू नका. ते खरं की उगाच, हे नंतर ठरवा. आधी थांबा.